बोली मोबाइलवर, डोळे मात्र मालावर

हातावर रुमाल टाकायचा, आत बोटं धरायची आणि भाव ठरवायचा, ही पद्धत आपल्या भागातल्या जुन्या माणसांनी डोळ्यांनी बघितलेली आहे. माल आपला, राबणूक आपली. पण रुमालाखाली काय ठरलं ते अडत्यानं सांगितल्यावर कळायचं. पुढं उघडा लिलाव आला. व्यापारी ढिगाभोवती उभे राहिले, मोठ्यानं बोली बोलू लागले. निदान कोण किती चढला ते कानानं ऐकता येऊ लागलं. आता तिसरी तऱ्हा आली आहे. माल सांगलीच्या यार्डात, व्यापारी आपल्या पेढीवर, तुम्ही मलकापुरात घरी. आणि बोली मोबाइलच्या काचेवर.

नुसती हळद-बेदाण्याचीच गोष्ट नाही. हायवेकडेच्या चहाच्या टपरीवर बसा, कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बँकेनं ओढून आणलेला ट्रॅक्टर, परवा लिलाव’ असा फोटो फिरत असतो. पतसंस्थेनं जप्त केलेला गाळा, बँकेच्या ताब्यातलं घर, सरकारी खात्याची जुनी जीप, सगळं असंच विकलं जातं. घेणारे आपण आणि विकणारेही आपणच. म्हणून दोन्ही बाजूंचं आज सांगायचं आहे.

एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. ऑनलाइन लिलावात बोलीची वेळ तास-दोन तासांची असते, पण नफा-तोटा ठरतो तो त्याच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांत. उघड्या सौद्यात तुम्ही समोर असता. शेवटच्या क्षणीही ‘अहो, खालचं पोतं फोडून बघा’ असं म्हणता येतं. इथं ती सोय नाही. कागदावर जे लिहिलं गेलं तेच विकलं जातं, आणि कागदावरच्या अटीच तुम्हाला बांधतात.

हळद विकायची तर

आपल्या कराड-वाळवा पट्ट्यातली हळद वर्षानुवर्षं सांगलीला जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि बेदाण्याला त्याआधी २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीची बाजार समिती ‘ई-नाम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन बाजाराला जोडलेली आहे. ही योजना १४ एप्रिल २०१६ रोजी देशातल्या २१ बाजारांत सुरू झाली. आपल्या शेजारच्या कर्नाटकानं त्याच्याही आधी, २०१४ मध्ये, स्वतःची अशी यंत्रणा उभी केली होती.

ई-नामचं काम कसं चालतं ते नीट समजून घ्या. गाडी यार्डाच्या गेटवर आली की नोंद होते आणि तुमच्या मालाला लॉट नंबर पडतो. मग नमुना काढतात, प्रतवारी होते, ती संगणकावर चढते. त्यावर व्यापारी बोली लावतात. वेळ संपली की सगळ्यात वरची बोली जाहीर होते. ती मान्य करायची की नाही, हा हक्क तुमचा असतो. मान्य केली तर वजन, पट्टी आणि बँक खात्यावर पैसे.

यात पहिलाच दगड ठेचेचा आहे तो गेटवरच्या नोंदीत. लॉट कुणाच्या नावावर पडला? मोबाइल नंबर कुणाचा घातला? पुष्कळ ठिकाणी घाईगर्दीत अडत्याच्या माणसाचाच नंबर टाकतात. मग बोलीचा निरोप त्याला, मान्य-अमान्यही त्याच्या हातात, आणि तुम्हाला संध्याकाळी फोन, की ‘दादा, गेला तुमचा माल.’ म्हणजे रुमाल गेला आणि मोबाइल आला, पण बोटं दुसऱ्याचीच राहिली. तेव्हा नोंदणी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या बँक पासबुकावर, स्वतःच्या चालू नंबरवर करा. घरातला मुलगा पुण्याला आणि नंबर त्याचा, असंही नको. निरोप त्याला जातो आणि तो कंपनीच्या मीटिंगमध्ये असतो.

दुसरी गोष्ट उचलीची. अडत्याकडून लागवडीला, लग्नाला, दवाखान्याला उचल घेतलेली असते. ती घेण्यात पाप नाही, अडीनडीला तोच उभा राहतो. पण उचल डोक्यावर असताना ‘भाव पटत नाही, अमान्य’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. बटण असून नसल्यासारखं होतं. हळदीसारख्या मालात नऊ महिने शेतात आणि वर शिजवण, वाळवण, पॉलिश हे सगळं ओतलेलं असतं. तिथं अमान्य म्हणण्याची ताकद ही खरी पुंजी आहे. जमेल तेवढी उचल सोसायटीच्या पीककर्जावर वळवा. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, याची कल्पना आहे. तरी दरवर्षी थोडी कमी करत आणता येते.

आता मालाकडं बघू. ऑनलाइन बोलीत लांबचा व्यापारी तुमची हळद हातात घेऊन मोडून बघत नाही. तो प्रतवारीचा आकडा बघतो, फोटो बघतो आणि बाजारातला तुमचा-आमचा लौकिक बघतो. एका लॉटमध्ये हळकुंड, गड्डा आणि कणी मिसळली तर भाव कणीकडं ओढला जातो, हळकुंडाकडं नाही. म्हणून घरीच चाळणी मारा, वेगवेगळी पोती करा, वेगवेगळे लॉट पाडा. ओलावा राहिलेली हळद घाईनं भरू नका. नमुन्याला पोत्यात टोचा मारतात तेव्हा वरचं चांगलं आणि मधलं दमट असेल तर सगळा लॉट त्याच मापानं मोजला जातो. वर चांगलं, खाली कणी भरणारे महाभाग आपल्यातही आहेत. ते एकदा खपतं. पुढच्या वेळी त्या गावचं नाव दिसलं की व्यापारी दोनशे रुपये खालीच बोली लावतो, आणि ती झळ शेजाऱ्यालाही बसते.

हॉलंड देशातलं एक उदाहरण इथं सांगण्यासारखं आहे. तिथल्या ब्रुक ऑप लांगेडाइक नावाच्या गावी १८८७ मध्ये भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला. त्या देशात पुढं घड्याळाचा लिलाव रुजला. काटा वरच्या भावावरून खाली उतरत येतो आणि जो व्यापारी पहिल्यांदा थांबवील त्याला माल. आपल्या उलट तऱ्हा. आज आल्समेरच्या फुलांच्या बाजारात व्यापारी घरबसल्या संगणकावरून खरेदी करतात, फूल हातात न घेता. हे चालतं, कारण शेतकऱ्यानं स्वतः लिहून दिलेल्या प्रतवारीवर व्यापाऱ्याचा विश्वास असतो. देठ इतका सेंटिमीटर म्हणजे तितकाच. आपल्याकडं यंत्रं आली, इंटरनेट आलं. प्रतवारीवरचा हा भरवसा मात्र अजून पुरता आलेला नाही. प्रतवारीची प्रयोगशाळा यार्डात असूनही ‘कशाला वेळ घालवता’ म्हणून नमुना न तपासताच लॉट चढवला जातो. तिथं तुम्ही अडून बसा. प्रतवारीचा कागद मागा. तो तुमचाच साक्षीदार आहे.

बोली संपल्यावर एक प्रश्न जरूर विचारा, माझ्या लॉटवर किती व्यापाऱ्यांनी भाव लावला? पाच-सहा जणांनी लावला असेल तर लिलाव झाला. एकट्यानंच लावला असेल तर तो लिलाव नव्हे, एका माणसानं भाव सांगितला एवढंच. तोंडी सौदा आधीच ठरवून नंतर संगणकावर नुसते आकडे भरण्याचे प्रकारही होतात. एकच बोली, तीही वेळ संपताना, असं दिसलं तर माल दुसऱ्या दिवशी पुन्हा लावण्याचा विचार करा. पण हिशोब घालून. समजा २० क्विंटल माल आहे आणि क्विंटलला ३०० रुपये जादा मिळतील असं वाटतं. म्हणजे ६ हजार. त्यातून एक मुक्काम, गोदामाचं भाडं आणि पुन्हा हमाली वजा करा. उरतंय का? उरत असेल तर थांबा. नुसत्या हट्टापायी थांबू नका.

आणि जास्तच थांबायचं असेल तर ठेवायचं कुठं? पूर्वी हरिपूरची पेवं होती. जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्या पद्धतीला मोठा तडाखा बसला. आज मान्यताप्राप्त गोदामात माल ठेवला तर इलेक्ट्रॉनिक पावती मिळते. तिच्यावर बँकेचं कर्ज निघतं आणि २ एप्रिल २०२० पासून ई-नामवर गोदामातूनच माल विकण्याची सोय झाली. त्याच दिवशी शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही आपल्या संकलन केंद्रातून माल लावण्याची सोय सुरू झाली. दहा-बारा शेतकऱ्यांनी एकसारखी हळद एकत्र करून मोठा लॉट केला तर लांबच्या व्यापाऱ्यालाही गाडी भरण्याइतका माल दिसतो. चार पोत्यांसाठी कोण परगावाहून बोली लावणार?

पट्टी हातात आली की नुसती शेवटची रक्कम बघून खिशात घालू नका. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि बाकीच्या कपाती ओळीनं वाचा. जाहीर झालेली बोली आणि पट्टीतला भाव एकच आहे का, ते ताडा. ‘माल थोडा हलका निघाला’ म्हणून बोलीनंतर भाव पाडायचा प्रकार होतो. अशा वेळी मघाचा प्रतवारीचा कागद कामी येतो. कडता म्हणून पोत्यामागं वजन सोडायला कुणी सांगितलं तर कुठल्या नियमानं, ते लिहून मागा. लिहून देणारा बहुधा भेटत नाही. तक्रार असेल तर त्याच दिवशी बाजार समितीच्या सचिवांच्या नावे लेखी द्या आणि पोच घ्या. चार दिवसांनी तोंडी कुरकुर करून काही होत नाही.

ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय म्हणून

आता घेण्याची बाजू. हप्ते थकल्यामुळं ओढून आणलेले ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या ऑनलाइन लिलावात निघतात. किंमत बघून जीव हुरळतो. पण जाहिरातीत एक वाक्य ठरलेलं असतं, ‘जसं आहे, जिथं आहे’. त्याचा अर्थ, बोली लागल्यावर इंजिन बसलेलं निघालं, बॅटरी नाही, टायर बदललेले आहेत, तरी तक्रार चालायची नाही. म्हणून पाहणीची तारीख दिलेली असते, ती चुकवू नका. सोबत आपला मिस्त्री न्या. त्याची दिवसाची मजुरी पाचशे-हजार गेली तरी ती सगळ्यात स्वस्त खरेदी समजा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा. यार्डात दोन पावसाळे उभा असलेला ट्रॅक्टर फोटोत धुऊन-पुसून छान दिसतो.

कागदाचं त्याहून महत्त्वाचं. आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असतो, तो उतरवायला फॉर्म ३५ लागतो. एरवी गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. जाहीर लिलावात घेतलेल्या वाहनासाठी फॉर्म ३२ आहे आणि तो ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. यातले कोणते कागद विकणारा देणार, किती दिवसांत देणार, थकलेला कर आणि दंड कोण भरणार, यार्डाचं भाडं कुणाकडं, हे अटींच्या कागदात आधी शोधा. नसेल तर ईमेलनं विचारा. फोनवर मिळालेलं आश्वासन लिलावानंतर कुणालाच आठवत नाही.

आणि बोलीला बसण्यापूर्वी घरच्या माणसांसमोर एक आकडा ठरवून वहीत लिहून ठेवा. नवा ट्रॅक्टर केवढ्याला, तशाच जुन्याचा गावातला चालू भाव काय, दुरुस्ती किती, कागदांचा खर्च किती. सगळं वजा करून जो आकडा येईल तो शेवटचा. पडद्यावर दुसरा कोणी हजारानं वर गेला की रक्त तापतं. ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणत माणूस आणखी दोन पायऱ्या चढतो. यात्रेतल्या मानाच्या नारळाच्या लिलावात असं चढायला हरकत नाही, तिथं पैसे देवाला जातात.

बोलीची तंत्रंही माहीत असू द्या. किमान वाढ किती, ते आधी ठरलेलं असतं. शेवटच्या काही मिनिटांत कुणी बोली लावली तर वेळ आपोआप पुढं सरकते, अशी अट बहुतेक ठिकाणी असते. त्यामुळं ‘शेवटच्या सेकंदाला मारतो’ ही हुशारी चालत नाही. आकडा टाइप करताना एक शून्य जादा पडलं तर बोली मागं घेता येत नाही आणि अनामत जाते. दोनदा वाचून मगच बटण दाबा. लाइटचा भरवसा नाही, तेव्हा मोबाइल चार्ज करून ठेवा आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा फोनही जवळ ठेवा.

घर, गाळा आणि जमीन

बँका कर्जवसुलीसाठी मालमत्ता विकतात ती बहुतेक सरफेसी कायदा, २००२ खाली. सरकारी बँकांच्या मालमत्ता ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर एकत्र बघायला मिळतात. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मे २०२० मध्ये तो लागू आहे असा निकाल दिला.

पैशांचं वेळापत्रक इथं फार कडक असतं. समजा राखीव किंमत २० लाख आहे आणि अनामत १० टक्के, म्हणजे २ लाख तुम्ही भरले. बोली २४ लाखांना तुमच्यावर थांबली. नियमानुसार एकूण रकमेच्या २५ टक्के, म्हणजे ६ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावे लागतात. अनामत वजा जाता ४ लाख लगेच पाहिजेत. उरलेले १८ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेनं लेखी मुदत वाढवून दिली तरी जास्तीत जास्त तीन महिने. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. ‘उसाचं बिल आलं की भरतो’ हे तिथं चालत नाही. कर्ज काढून घ्यायचं असेल तर बोलीच्या आधीच आपल्या बँकेकडून होकार घ्या.

नोटिशीत ताबा प्रत्यक्ष आहे की प्रतीकात्मक, ते बघा. प्रतीकात्मक म्हणजे दारावर कागद चिकटवला आहे आणि आत कुटुंब राहतंय. पैसे तुम्ही भरणार, किल्ली कधी मिळणार ते सांगता येणार नाही. जागेवर जाऊन या. शेजाऱ्याला विचारा. महावितरणची थकबाकी, पंचायतीची किंवा नगरपरिषदेची घरपट्टी, पाणीपट्टी किती तुंबली आहे ते त्या त्या कचेरीत काढून घ्या.

हो, आणि नावाचा घोळ. मलकापूर एकच नाही. आपलं कराड तालुक्यातलं, दुसरं कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यातलं, तिसरं तिकडं बुलढाणा जिल्ह्यातलं. संकेतस्थळावर ‘मलकापूर’ एवढं घातलं की तिन्ही एकत्र दिसू शकतात. तालुका, जिल्हा, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर ताडल्याशिवाय अनामत भरू नका.

शेतजमिनीचं वेगळं आहे. सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही. कलम ३१ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. कुणी बँकेनं तुमच्या चालू पिकाऊ रानावर या कायद्याखाली नोटीस लावली तर गप्प बसू नका, वकिलाला भेटा. याचा अर्थ शेतजमीन लिलावात निघतच नाही असा नव्हे. सोसायटी, पतसंस्था यांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० खाली होते. कलम १०१ चा दाखला निघाला की वसुली अधिकारी शेतजमीनही विकायला काढू शकतो.

अशी जमीन घेताना सातबारा आणि फेरफार आजच्या तारखेचे काढा आणि इतर हक्काचा रकाना वाचा. आपल्या भागात कोयना प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या पुनर्वसनाच्या जमिनी पुष्कळ आहेत. सातबारावर भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. बोली जिंकूनही नोंद अडकते. शिवाय शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हा कुळकायद्याचा नियम लिलावातही सुटत नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपल्या जुन्या तलाठी भाऊसाहेबांकडं, अर्धा तास बसलात तर हे सगळं कळतं.

ज्याच्या दारावर नोटीस लागली आहे तोही हे वाचत असेल. त्याच्यासाठी दोन ओळी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सरफेसी कायद्यात घर किंवा गाळा सोडवून घ्यायचा असेल तर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी सगळी थकबाकी खर्चासह भरावी लागते. ‘लिलावाच्या दिवशी बघू’ म्हणून बसलात तर वेळ गेलेली असते. आधीच बँकेत जा, तडजोडीचा अर्ज लेखी द्या. आणि भावकीतल्या माणसाचं घर स्वस्तात मिळतंय म्हणून बोली लावणाऱ्यांनो, कायदा तुम्हाला अडवत नाही. पण त्या घरात आजी अजून राहते आहे का, एवढं मनाशी बघा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

पंचायतीचंही विकायचं बरंच असतं. जुने पंप, मोडके पाइप, वाळलेली झाडं, गाळ्यांचे भाडेपट्टे, आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका. सरकारी कचेऱ्यांना भंगार विकायला ‘जेम’ संकेतस्थळावर लिलावाची सोय आहे, आणि केंद्राच्या ई-ऑक्शन संकेतस्थळावरही डिजिटल सहीनं लिलाव लावता येतो. लिलाव ऑनलाइन लावला म्हणजे आपोआप चांगला भाव येतो असा समज मात्र नको. ‘भंगार, एक लॉट’ एवढंच लिहिलं तर गावातला नेहमीचाच भंगारवाला येणार आणि नेहमीचाच भाव देणार. पाच अश्वशक्तीचे पंप किती, बिडाचे पाइप किती फूट, अंदाजे वजन किती, हे लिहा. उजेडात चार बाजूंनी फोटो काढा. पाहणीला दोन दिवस द्या. ठराव, मूल्यांकन आणि वरिष्ठांची लागेल ती मंजुरी आधी, जाहिरात नंतर. झाडं असतील तर तोडीची परवानगी आधी. हा क्रम उलटा झाला की लेखापरीक्षणात आक्षेप लागतो आणि तो वर्षानुवर्षं मागं लागतो.

राखीव किंमत फार चढी ठेवली तर कुणी फिरकत नाही, फार उतरती ठेवली तर दोघं-तिघं आपसात ठरवून तिथंच थांबतात. आजूबाजूच्या दोन-तीन गावांत मागल्या वर्षी काय भाव आला, ते विचारून मग आकडा ठरवा.

पंचायत सदस्यांनी एक ध्यानात ठेवावं. पंचायतीच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध ठेवला तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली सदस्यपद जाऊ शकतं. पुतण्याच्या नावानं बोली लावली तरी माग निघतो, कारण ऑनलाइन लिलावात अनामत कुठल्या खात्यातून आली त्याची नोंद कायम राहते.

आणि ती डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी काडी! पुष्कळ कचेऱ्यांत ती संगणक चालवणाऱ्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये असते आणि पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो. कोऱ्या चेकवर सह्या करून पुस्तक टेबलावर ठेवावं, तसला हा प्रकार. काडी आपल्याजवळ ठेवा, सही समोर बसून करा.

बनावट लिलाव

खऱ्या लिलावाची नक्कल करणारे ठग वाढले आहेत. नामांकित बँकेचं बोधचिन्ह लावलेलं संकेतस्थळ, दोन लाखांचा ट्रॅक्टर पन्नास हजारांना, आणि ‘आजच बुकिंगचे पाच हजार यूपीआय करा’. ओळखायचं कसं? खऱ्या लिलावात अनामत संस्थेच्या नावावरच्या खात्यात जाते, कुणा माणसाच्या फोन नंबरवर नाही. पाहणीचा पत्ता असतो आणि अधिकाऱ्याचं नाव-पद असतं. शंका आली तर जाहिरातीतल्या नंबरवर फोन करू नका, तो ठगाचाच असतो. त्या बँकेच्या कराडमधल्या शाखेत प्रत्यक्ष जाऊन विचारा. ओटीपी कुणालाही सांगू नका, ‘नोंदणीसाठी हवा आहे’ म्हटलं तरी.

पैसे गेलेच तर लाजेपायी दोन दिवस गप्प बसू नका. १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते. फोन करताना व्यवहाराचा नंबर, वेळ आणि आपला खाते क्रमांक हाताशी ठेवा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक घेऊन दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात आणि आपल्या बँकेत लेखी अर्ज द्या.